गवंड्यांचे दोन शब्द

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस. (चढतेसच, माहीत आहे.) इकडे सगळे ठणठणीत. खुशाली संपली, आता तुझ्या चिरंजीवांबद्दल. ते आमच्या पुनर्वसन केंद्राचे मोठे डॉक्टर आणि मी त्यांच्या हाताखाली रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवणारी, म्हणून तिथे मला त्यांना 'सर' म्हणावं लागतं. (लहानपणी ह्याच सरांचं नाक मी पुसलंय.)

माझ्याकडे एक गवंडी आहेत. परांचीवरून पडले, मेंदूला मार लागला, वाचा गेली. आपण बोललेलंही त्यांना निम्मंच कळतं. सहा आठवडे रोज समोर बसून, डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायला लावून, मी त्यांच्याकडून दोन शब्द काढले: 'एकदम मस्त'. (भिंत सरळ उभी राहिली की ते असं म्हणायचे, हे त्यांच्या बायकोने सांगितलं होतं.) त्या दिवशी मी खोलीत उड्या मारल्या. कुठून बुद्धी झाली! कारण तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. मागच्या रविवारी एक दिवस घरी गेले. बायकोने त्यांच्या पायात नवे बूट घातले, विचारलं, "चावत नाहीत ना?" हे म्हणाले, "एकदम मस्त." टाच सोलवटून परत आले.

मंगळवारी चिरंजीव राउंडला आले. "काय, कसं काय?" "एकदम मस्त!" झालं. सरांनी फाइलवर लिहिलं: 'वाचा उत्तम. शनिवारी घरी सोडावे.' मी म्हटलं, सर, एक मिनिट, आणि गवंड्यांना विचारलं, "मी तुम्हाला रोज मारते ना?" ते गोड हसले. "एकदम मस्त!" तुझे चिरंजीव पोट धरधरून हसले आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'विनोदबुद्धी शाबूत.'

आत्या, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या माणसाला 'दुखतंय' म्हणता येत नाही, 'नको' म्हणता येत नाही. असेच घरी गेले तर जन्मभर लोक येतील, कसं काय विचारतील, उत्तर ऐकून खूश होतील आणि चालू लागतील. वर सरांनी मलाच ऐकवलं, "तू फार मनाला लावून घेतेस." घेते लावून! कुणीतरी घ्यायला नको?

मोठ्या माणसाला असलं पत्र लिहिल्याबद्दल माफ कर.

तुझी (अजून तरी नोकरीत असलेली)
भाची

ता.क. सोबत गवंड्यांचा मुक्काम वाढवायचा फॉर्म आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलीय. चिरंजीव शुक्रवारी तुझ्याकडे जेवायला येतात. हातात मोबाइल असेल तेव्हा पुढे सरकव. तू दिलेल्या कागदावर ते न वाचता सही करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, बरंच झालं. आज मी चित्रांची कार्डं काढली, तर गवंड्यांनी माझं मनगट धरलं. तोंड वेडंवाकडं झालं, कपाळावर घाम आला, आणि म्हणाले, "नको." मी कार्डं आवरली आणि बाहेर जाऊन रडले. सही होईपर्यंत हे चिरंजीवांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. म्हणतील, बघ, बोलतायत की.