अडलं तर कुणाला विचारता

आबा, आज इंदापूरहून येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली. काच खाली केली आणि मळीचा वास आत आला. तुमच्या सदऱ्याला यायचा, तोच.

तुम्ही साखर कारखान्यात पॅनवर, रस आटवायच्या भांड्यावर होता. रस आटत आला की साखरेचा दाणा नेमका कधी धरायचा, हे तुमच्या पाळीत तुम्हालाच कळायचं. काचेवर थेंब घेऊन उजेडाला धरायचा आणि बाकीच्यांकडं पाठ करायची. मी तेव्हा तिथल्याच कामगार कार्यालयात नवी होते. नव्वदीतली ती वर्षं. नव्या साहेबांनी टूम काढली, की कारखान्यात कोण कुणाला काम समजावून सांगतं ते मोजायचं. मी खात्याखात्यात फिरून विचारायचे, "काम अडलं तर कुणाला विचारता?" बॉयलरवर सगळ्यांनी एका फिटरचं नाव घेतलं. पॅनवरचे मात्र खाली बघत राहिले. शेवटी तुमचा जोडीदार म्हणाला, "आबांना न्हाय इचारत कुणी. पाठ दाखवत्यात."

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तुम्ही ताटावर बसून विचारलंत, "माझं नाव किती जणांनी घेतलं गं?"

"एकानंबी न्हाय, आबा."

तुम्ही तुकडा कालवणात बुडवून तसाच धरून बसलात. मग म्हणालात, "शिकवलं की माणूस स्वस्त हुतो. तुला हापिसात बसून काय कळणार?" आणि ताट सारून उठलात. पुढं बरेच दिवस घरात बोलणं नव्हतं. एकदा आईला म्हणालात म्हणे, "औंदा जोडीदाराला जवळ उभा करीन." पण हंगाम सुरू व्हायच्या आतच तुम्हाला लकवा मारला.

तुमच्या जागी जोडीदार उभा राहिला. दाणा बिघडला, परत बिघडला, आणि त्याला घरी बसवलं. ते अजून डोळ्यांपुढं आहे: तो लासुर्ण्याहून सायकलवर येतो, तुमच्या खाटेपाशी बसतो. "आबा, निस्तं दावा. थेंब कसा दिसला म्हंजी धरायचा?" तुम्ही हात उचलायला बघता. चिमूट जुळते, सुटते. तोंडातून घोगरा आवाज येतो. तो माझ्याकडं बघतो. मला त्यातलं काही कळत नाही. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. तो आपल्या टॉवेलनं तुमचं तोंड पुसतो. "ऱ्हाऊ द्या, आबा."

त्याला परत घेतलं नाही. तुम्ही त्याच हंगामात गेलात. खांदा द्यायला तो आला होता.

पुढं तेच मोजणं माझा धंदा झाला. ह्या कंपनीत, त्या कंपनीत माणसं एकमेकांना काय सांगतात, काय दाबून ठेवतात, ते मी काढून देते. परवा बारामतीत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुणाकडून शिकलात?" मी म्हणाले, "वडिलांकडून." तिला वाटलं, तुम्ही कुणी मोठे शिकवणारे होता. मी वाटू दिलं.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी 'वडिलांकडून' एवढंच उत्तर देते; तुम्ही पाठ करायचात, ते सांगत नाही.