पाळीवरची माती आणि दोन इंग्रजी शब्द

१९ एप्रिल १९५३
इंटरची परीक्षा झाली, नागपूरचं हॉस्टेल सुटलं, गावी आलो. नवीन वही काढली. इंग्रजीतले दिसायला सारखे, पण सारखे नसलेले शब्द जोडीजोडीनं लिहायचे. आज चार जोड्या. बाबा दारातून म्हणाले, "दिसभर वहीच लिहून रायला. धान वहीत पिकते का?" हसलो. शेतात नाही गेलो.

२३ एप्रिल
अर्जुनीचा बाजार. तिथं निंबाखाली मुन्शीजी बसतात, लोकांचे अर्ज इंग्रजीत लिहून देतात. शाळा अर्धवट, पण तीस वर्षं हेच काम. मी कॉलेजच्या ऐटीत विचारलं, सी, लुक, वॉच, फरक काय? टाक न थांबवता म्हणाले, "डोरे उघडे हायेत त धानाची बांधी दिसते, ते सी. मान फिरवून पायलं, ते लुक. आन् तर्‍याच्या काठाले बगळा एका पायावर उभा हाय ना, तो वॉच."
आमच्या प्रोफेसरनी यावर पूर्ण तास घेतला होता. मुन्शीजींना एक बगळा पुरला. माणूस मोठा आहे! (लांब नाव रोज कोण लिहील? यापुढे मु.)

३० एप्रिल
पुन्हा मु. आज रिफ्यूज आणि डिनाय. "शेजाऱ्यानं शिडी मांगतली, तू नाई मन्लं, ते रिफ्यूज. तू देल्ली. महिन्यानं वापस मांगतली त तो मन्ते, कोनती शिडी? ते डिनाय." मग मलाच उलट विचारलं, "रिझल्टची तू वेट करून रायला का एक्सपेक्ट?" मी म्हटलं, एक्सपेक्ट. "मंग पेपर बरे गेले," म्हणाले, आणि पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.
वहीत आता एकवीस जोड्या. निम्म्या त्यांच्या.

४ मे
गावात नोटीस आली. मालगुजारी गेल्यापासून तळं सरकारचं. यंदापासून पाणी ज्याच्या त्याच्या अर्जावर, तुडुमाजवळच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीजवळच्या, शेताला आधी. गावाची काही जुनी रीत असेल तर लेखी सांगा, साहेब महिनाअखेरीस येतील.
रीत तर आहेच. पावसाआधी दर घरचा एक माणूस तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकतो. आश्विनात तुडूम उघडलं की पाणी आधी टोकाच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, मग खालून वर. नव्या हिशेबानं टोकाची तीस घरं कोरडी राहतील. आमची शेती तुडुमाला अगदी लागून, आम्हाला उलट फायदाच.
सगळे माझ्याकडे पाहून, "तू इंग्रजी शिकला, तूच लेह." छाती फुगली.

९ मे
दोन दिवस घालवले मसुद्यावर. छान झाला असं वाटलं. मु. ना वाचून दाखवला. पहिल्याच ओळीवर हात वर केला. मी लिहिलं होतं की गावाला असं पाणी घ्यायची हॅबिट आहे.
"बिडी पेयाची हॅबिट रायते. सायेब मनन, सोडा मंग."
म्हटलं, बरं, कस्टम करतो. खोडायला लागलो.
"थांब. शब्द बदलला मून कस्टम झाली का? मले सांग, मोडनाऱ्याचं काय होते तुमच्या गावात?"
माहीत नव्हतं.
"कोनी मोडलं आन् गाव चूप रायलं, त ते हॅबिट. गावानं जाब इचारला, त कस्टम. असा एक मोडनारा आन. नाव, साल, सगळं."
घरी येताना सारखा हाच विचार. डिक्शनरीत हे कुठं आहे?

११ मे
मोडणारा शोधून राहिलो. ज्याला विचारावं तो तंबाखू मळतो नाहीतर आभाळ पाहतो. शेवटी सोमाजी, तुडूम उघडतो तो म्हातारा, हसायला लागला.
"हाय ना एक. तुयाच घरी हाय. जेवताना तुया समोर बसते."
मी शाळेच्या हॉस्टेलात होतो तेव्हाची गोष्ट. बाबा तेव्हा पाटील. पाळीवर स्वतः गेले नाहीत, दोन मजूर पाठवले. गाव म्हणालं, घरचा माणूस पाहिजे, मजुराची माती चालत नाही. आश्विनात आमच्या बांध्यांना पहिल्या फेरीचं पाणीच दिलं नाही. कडेनं वाहत गेलं. बाबा शेताच्या धुऱ्यावर उभे, पाटील असून. निम्मं धान करपलं.
मला घरात कोणी सांगितलं नाही कधी.

१२ मे
विचारलं. नको होतं बाबांना असं, जेवताना सगळ्यांसमोर.
"कायले? सायबाले सांगतो? इंग्रजीत?"
मी समजावून राहिलो की दाखला लागतो.
"अर्ज नाई गेला त पानी आपल्यालेच पयले हाय. समजते ना तुले? का नागपुरात तेवढं नाई शिकवलं?"
ताट तसंच ठेवून उठले.

१४ मे
बाबा बोलत नाहीत. मु. ना सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील नाव गाळ. किंवा म्हणतील लिहून टाक. दोन्ही नाही. "नाव नाई त दाखला नाई. पन बापाचं नाव बापानं मन्ल्याशिवाय लेहू नोको. अर्ज राहू दे मंग." तीस घरांचं पाणी एकीकडे, आणि हा माणूस असं म्हणतो. परत येताना राग आला त्यांचा. आता नाही.

२० मे
सकाळी बाबा बैलांना कोंडा घालत होते. माझ्याकडे न पाहता,
"किती साल लेहलं?"
"कायचं?"
"पाळीवर नाई गेलो त्याचं."
म्हटलं, अजून नाही लिहिलं, सोमाजी तीन वर्षं म्हणाला.
"चार झाले. त्याले काय याद रायते. बराबर लेह."
एवढंच. मी वही आणायला पळालो तर मागून, "आन् मजूर दोन होते मून लेह. बसून होतो असं नोको मनू."
गोठ्यातच, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. अक्षर खराब आलं. तसंच ठेवलं.

२८ मे
साहेब आले. मराठी येत नाही, हिंदी तुटकी. मी मध्ये दुभाषा. अर्ज वाचून म्हणाले, हा माणूस आहे का इथं? बाबा पुढे झाले, टोपी नीट करत.
पाणी नाही मिळालं तेव्हा काय वाटलं, विचारलं.
"पयले राग आला. लाज मंग आली."
लाजेला किती शब्द इंग्रजीत! शाय नाही. मॉडेस्ट तर नाहीच. मी शेम म्हटलं. बाबांच्या तोंडाकडे पाहून म्हटलं.
साहेब: मग माफी मागितली?
"नाई मांगतली. दुसऱ्या साली टोपलं घेऊन गेलो."
साहेबांनी हे अर्जाच्या समासात लिहिलं, मी तिरपं पाहून घेतलं. तुमची शेती कुठं, विचारलं. बाबांनी तुडुमाखालच्या बांध्या बोटानं दाखवल्या. साहेब जरा वेळ तिकडेच पाहत राहिले. कागद येईल म्हणाले. हो पण नाही, नाही पण नाही.
मु. ना सगळं सांगायला जायचं आहे. पण आज बाबांबद्दलच लिहावंसं वाटतं, आणि सुचत नाही.

७ जून
कागद नाही. तरी मातीचा दिवस आला. काही जण म्हणून राहिले, हुकूम येऊ द्या, तळं आपलं राहिलं कुठं. बाबा टोपलं घेऊन निघाले. मी पण घेतलं. मग एकेक घर निघालं.
सोमाजी पाळीवर बसून घरं मोजत होता. आम्हा दोघांना पाहून, "एका घरचे दोघं कायले जी पाटील?"
बाबा म्हणाले, "त्या सालचा एक बाकी होता."
सोमाजीनं मला वेगळं मोजलं.
तळहात सोलले आहेत, लेखणी धरवत नाही. कागद उद्या येईल, परवा येईल.