बस तिथंच

प्रिय धाकट्या,

त्या दिवशी सकाळी हात धुऊन मी पाखरांच्या खोलीत गेलो आणि नवरदेवाच्या पिंजऱ्यावरची चादर उचलली. आदल्या संध्याकाळीच तू त्याला परत आणून दिला होतास. ‘कलकलाट करतो, हात घातला की चावतो, आता नको हे लचांड,’ असं दारातूनच सांगून, चहालाही न थांबता गेलास. हाच तो कॉकाटील पोपट. पिल्लू असताना मी चमच्याने भरवलेला, माझ्या खिशात झोपणारा. डोक्यावरचा तुरा आणि गालांवरचे केशरी ठिपके पाहून आईनेच त्याचं नाव नवरदेव ठेवलं, म्हणून तर तिच्या सोबतीला मी तो तुझ्या घरी दिला होता. मी राळ्याचं कणीस तळहातावर धरून हात आत घातला. तो कोपऱ्यात सरकला, तुरा मागे चपटा करून माझ्यावर फुत्कारला. बुजलेल्या पाखरासमोर हात पुढे रेटायचा नसतो आणि झटकन मागेही घ्यायचा नसतो. मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात त्याने आवाज काढला. आधी टक्, मग फरशीवर काहीतरी घासल्यासारखं खर्र, पुन्हा टक्. आणि त्याला जोडूनच, ‘कुठं निघालीस? बस तिथंच!’

तुझाच आवाज. शेवटच्या शब्दावर तू देतोस तो हिसकासुद्धा तसाच. तुझी वहिनी हातातलं काम टाकून हसत आली. ‘काल भाऊजी आतच राहिले की काय?’ म्हणाली. मीही हसलो. वाटलं, पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं असेल, तू त्याला ओरडला असशील. मग हसता हसता तीच थांबली. ‘अहो, हा तर नर आहे ना? मग “निघालीस” कसं?’

धाकट्या, गावच्या शाळेत मी फार शिकलो नाही, पण एवढं व्याकरण मलाही येतं. आणि ते टक्-खर्र-टक् मला ओळखू येऊ नये? ती काठी मी माझ्या हाताने रंधा मारून करून दिली आहे. आईचा डावा पाय फरफटतो, म्हणून मध्ये खर्र. काठीच्या टोकाची रबरी टोपी झिजली की बदल, असं तुला बजावलं होतं. टोपी असती तर काठी वाजली नसती, आणि पाखराला कळलंही नसतं की आई उठते कधी आणि तू खेकसतोस कधी.

तुला वाटेल, एकदा त्रासून बोललो, पक्ष्याने नेमकं तेच उचललं. असं होत नाही रे. माझी रोजची प्रार्थना शीळ घालून मी याला अख्खा हिवाळा शिकवली, तेव्हा कुठे तिची पहिली ओळ त्याच्या गळ्यात बसली, तीही अर्धी. या जातीचा पक्षी शब्द पटकन धरत नाही. त्याच सुरात, त्याच वेळी, रोज रोज कानावर पडलं तरच धरतो. काठी वाजली की हे वाक्य, काठी वाजली की हे वाक्य, असं किती वेळा झालं असेल तेव्हा त्याने दोन्हींची गाठ मारली असेल, याचा हिशेब तूच कर. मला तो करवत नाही. त्या सकाळी मी देवापुढे हात जोडून बसलो आणि तोंडातून प्रार्थनेऐवजी तुझ्या नावाने शिव्या निघाल्या. तसाच उठलो.

म्हणून त्या दुपारी न कळवता तुझ्या घरी आलो. आई आतल्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या खुर्चीत होती. पुढ्यात स्टूल आडवं लावलेलं. काठी कपाटाच्या वर, तिचा हात पोचणार नाही अशी. तुझी बायको म्हणाली, ‘पडतील हो दादा, म्हणून ठेवलीय.’ आई मला पाहून खुश झाली, पुढे झुकली आणि मग तुझ्या बायकोकडे बघत हळूच मला विचारते, ‘उठू का रे?’ जिने आपल्या दोघांना कानाला धरून उभं केलं, ती मला विचारते, उठू का!

परत निघताना जिन्यात तू जे बोललास तेही विसरलेलो नाही. ‘न्हाणीत पडली तेव्हा मीच उचललं. तेव्हा तू कुठे होतास? पाखरांची विष्ठा काढत? आधी ती हाकल, मग मला शिकवायला ये.’ पहिलं खरं आहे. तू उचललंस, दवाखान्यात जागलास, ते मी नाकारत नाही. दमलेल्या माणसाच्या तोंडून वेडंवाकडं जातं, माझ्याही जातं. पण पडेल ही भीती असली तर माणूस हात देतो, काठी काढून घेत नाही.

दुसरंही खरंच होतं. छातीच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोरच सांगितलं होतं, या पाखरांच्या अंगाची पांढरी भुकटी घरभर उडते, एखादा पक्षी खिडकीबाहेरच्या हवेत चालेल, पण खोलीभर पाखरं असलेल्या घरात आईची धाप वाढेल. त्या एका वाक्यावर आई तुझ्याकडे राहिली आणि त्याच वाक्याच्या आड तू उभा राहिलास. मी पाखरं सोडणार नाही, याची तुला खात्रीच होती ना?

सोडली. एका जोडीची पिल्लं अजून आईबापांकडून भरवून घेत होती, ती स्वतः दाणे फोडायला लागेपर्यंत तेवढा थांबलो. अंडी उबवताना यांचा नर दिवसा बसतो आणि मादी रात्री, पाळी बदलताना कुणी कुणावर उपकार दाखवत नाही. ते बघत रोज तुझ्यावर दात खात होतो. मग सगळ्या जोड्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या स्वाधीन केल्या. त्यांच्या अंगणात मोठं जाळीघर आहे. पाखरांच्या अंडी घालायच्या पेट्या मोडून त्यांच्या फळ्यांची आईच्या खाटेशेजारी एक मांडणी केली. खोली धुतली, भिंती खरवडून चुना दिला, छातीच्या डॉक्टरांना आणून दाखवली. तुझी वहिनी म्हणाली, ‘मला वाटायचं, तुम्ही एक वेळ मला सोडाल, पण यांना नाही.’ मग रिकाम्या खोलीत दोघंही उगाचच उभे राहिलो. किती शांत वाटत होतं, आणि किती वाईट.

एकटा नवरदेव ठेवला, मागच्या उघड्या पडवीत. असल्या तोंडाचा पक्षी कुणाला देणार? आणि तिथेच माझं चुकलं. आई आली, तिला मी तिची खोली दाखवत होतो. काठी वाजली, टक्, खर्र, टक्, आणि पडवीतून तू ओरडलास, ‘कुठं निघालीस? बस तिथंच!’ आई तिथल्या तिथे बसली. खाट चार पावलांवर होती, ती खाली, उंबऱ्यापाशी, जमिनीवर बसली. मान खाली घालून. माझ्या घरात, मी शेजारी उभा असताना! ते मी पाहिलं, धाकट्या. तू पाहायला हवं होतंस. वहिनी धावून तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि मी पडवीत जाऊन त्या पिंजऱ्यावर हात उगारला. तो कोपऱ्यात दबला, तुरा चपटा. हात खाली घेतला. त्याचा काय दोष? त्याला जे ऐकवलं ते तो बोलला.

संध्याकाळी काठीला नवं रबर बसवलं. घर निवांत झालं. पण काल मी रंधा मारत असताना पडवीतून पुन्हा तोच खेकसा ऐकू आला. जाऊन पाहतो तर आई पिंजऱ्यासमोर उभी. आपल्या पायांवर. काठी उलटी धरून तिची मूठ पडवीच्या खांबावर आपटत होती, टक्, टक्. तो म्हणाला, ‘बस तिथंच!’ आणि आई म्हणाली, ‘नाही बसत, जा!’ पुन्हा काठी, पुन्हा तो, पुन्हा ‘नाही बसत, जा!’ आणि असं हसत होती की तिला ठसका लागला. आज सकाळपासून तिचा हाच उद्योग चाललाय. पाखराने तुरा ताठ उभा करून कान दिलाय. लवकरच उचलेल.

आज तुझा निरोप मिळाला, ‘चार दिवस म्हणून नेलंस, आईला कधी आणून सोडतोस?’ त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. तोंडाने सांगितलं असतं तर मी हात उगारला असता, म्हणून लिहून कळवतो. सोडणार नाही. चार दिवस म्हणालो ते तिला घराबाहेर काढता यावं म्हणून. ती इथेच राहील, तिला विचारलंय, आणि या वेळी ‘राहू का रे’ असं न विचारता ती ‘राहते’ म्हणाली. पाळी वगैरे काही मागत नाही. तुला यायचं तेव्हा ये, दार उघडं आहे. फक्त आल्यावर पडवीत काय ऐकावं लागेल ते आधी सांगून ठेवतो. तिची लुगडी, चष्मा आणि औषधं पाठवून दे. ती खुर्ची पाठवू नकोस.

तुझाच,
दादा