बाईंच्या घरात आवाज बंद होता

बाई,

तो गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम पुन्हा सुरू होतोय. मधली बरीच वर्षं बंद होता, आता परत आणतायत, आणि या वेळी लहान मुलांचा. दर ब्रेकला त्याची जाहिरात लागते. परीक्षक नवे, सेट झगमगीत, आणि लोकांनी म्हणे मोबाईलवरून एसेमेस करून मतं द्यायची. माझी मुलगी चौथीत आहे, तिला त्यात गायचंय. तिचा बाबा म्हणतो, जाऊ दे की, एवढा चांगला गळा आहे. मग दोघं माझ्या तोंडाकडे बघतात, कारण टीव्हीवर गाऊन आलेली घरात मी एकटीच. आणि मला ना बरं वाटतं, ना वाईट. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दहाएक वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही.

तुमचं विरारचं, चंदनसारचं घर आठवतं. तेव्हा तिकडे बिल्डिंगी कमी आणि पाण्याचे टँकर जास्त. बाहेरच्या खोलीत सतरंजी, पेटी, कोपऱ्यात टीव्ही. बाकीच्या क्लासेसमधले गुरुजी या स्पर्धांचं नाव काढलं की नाक मुरडायचे. तुम्ही मात्र कार्यक्रमाच्या वारी स्वयंपाक लवकर उरकायचात आणि क्लास संपला तरी आम्हाला बसवून ठेवायचात. समोर परातीत भिजवलेले वाल. ते सोलत सोलत ऐकायचं. रिमोट तबला वाजवणाऱ्या मुलाकडे, कारण वाल सोलताना तो निम्मे चिरडायचा. गाणं संपलं आणि परीक्षकांनी माईक हातात घेतला की तुम्ही ओरडायचात, "दाब रे!" तो आवाज बंद करायचा. पडद्यावर परीक्षकांचे ओठ हलत राहायचे आणि तुम्ही आमच्यातल्या एकीकडे बोट करायचात. "बोल गो, तू काय ऐकलंस?" आपण काय ऐकलं ते सांगून झालं, तुमचे गुण देऊन झाले, की पुढच्या गाण्याला आवाज परत. परीक्षक काय म्हणाले ते तुमच्या घरात कधीच कळलं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणालात, "त्यांचं एकदा ऐकलंस की तुझे कान त्यांचे झाले. गाणं दोन मिनिटांचं आणि निकाल दहा मिनिटांचा, असला हा धंदा. आपण दोन मिनिटांचे गिऱ्हाईक."

मग माझीच निवड झाली. तुम्ही पेढे वाटले नाहीत, माझ्याकडून गाणं घोटून घेत बसलात. शूटिंगला माझ्याबरोबर आई आली होती. मी गायले, सूर कुठे हलला नाही. मोठे परीक्षक माईक घेऊन म्हणाले, "गळा तयार आहे, मुली. पण तू गातेस तेव्हा तुला काही होतच नाही." लोक हसले. ते वाईट माणूस नव्हते, बोलले तेही सहज. मी नमस्कार करून खाली उतरले. तुम्हाला येऊन एवढंच सांगितलं की पुढच्या फेरीत नाही घेतलं. ते वाक्य कापतील अशी मला आशा होती.

कापलं नाही. प्रक्षेपणाच्या दिवशी मी तुमच्याकडे आले नाही, घरी बसून पाहिलं. उन्हाळा होता, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या आणि सगळ्या घरांत तोच कार्यक्रम. त्यामुळे ते वाक्य मला आमच्या टीव्हीतून आलं, शेजारच्यांच्या टीव्हीतून आलं, आणि खालच्या मजल्यावरूनही आलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात म्हणाले, "मस्त गायलीस गं, फक्त जरा भाव आण." वाण्याकडे कोणीतरी तेच म्हणालं. संध्याकाळी मी क्लासला आले. तुम्ही पेटीवरून मान वर न करता म्हणालात, "दुसऱ्या अंतऱ्यात श्वास लवकर तोडलास. बाकी मला आवडलं. परीक्षक काय बोलले ते आम्ही नाही ऐकलं हं, नियम म्हणजे नियम." सगळी मुलं खाली मान घालून वाल सोलत होती, एरवी कलकलाट करणारी. मी त्यांच्यात जाऊन बसले. अख्ख्या विरारमध्ये ते वाक्य न शिरलेलं एकच घर होतं आणि मी त्या घरात बसले होते. त्यानंतर मी क्लास एकदाही बुडवला नाही, तो त्यासाठी.

पण वाक्य काही गेलं नाही. लग्नात हार घालताना मनात आलं, मला काही होतंय का? मुलगी झाली, नर्सने ती हातात दिली, तेव्हाही मी आधी तेच तपासलं. तुम्ही गेलात त्या दिवशी सगळ्या मुली रडत होत्या आणि मी तुमच्या यजमानांना, काकांना, विचारत होते, चहा ठेवू का. माणसांनी चहा प्यायला, कपही मीच विसळले.

आता हा कार्यक्रम परत चालेल का, असं सगळे विचारतात. चालेल असं मला वाटतं. आपल्यातलंच कोणीतरी, जिन्यात भेटणारं, त्या डब्यात जाऊन उभं राहतं, आणि त्याचं काय होतं ते सगळ्यांना एकदम बघायचं असतं. गाणं निमित्त. पूर्वी निदान हसून सोडून द्यायचे, आता जाहिरातीत पोरं रडतात आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांपर्यंत जातो. माझी मुलगी आरशासमोर तसं रडून बघत होती. मी बघितलं आणि कुकर लावला.

परवा विरारच्या बाजारात तो तबलावाला भेटला. त्याचा आता सातिवलीला खोके बनवायचा छोटा कारखाना आहे. कार्यक्रम परत येतोय म्हणून तो खूश. मी म्हटलं, बाई असत्या तर आवाज बंद करून बघितला असता. तो हसला, मग म्हणाला,

"तुला माहीत नाही? तुझ्या वेळी बाईंनी रिमोट माझ्या हातातून काढून घेतला होता."

"कशाला?"

"आवाज चालू ठेवायला. म्हणाल्या, आज आपली पोर आहे, आज ऐकूया. कौतुक होईल असं वाटलं गं त्यांना. ते वाक्य आलं नि त्या तशाच बसून राहिल्या. कार्यक्रम संपला तरी टीव्ही चालूच. मग आम्हाला म्हणाल्या, तिला कोणी बोलायचं नाही. आपल्याकडे आवाज बंद होता. शपथ घातली आम्हाला."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. रस्त्यातच, मेथीवाल्यासमोर. तो विचारत होता, बरी आहेस ना. मला काहीतरी झालं, बाई. काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण झालं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तुमच्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे, ग्रिलला त्यांचे कपडे वाळत असतात. लिहून झालं की घडी घालून ठेवीन.

काल मी मुलीला जा म्हटलं. तुमच्या घरचा नियम तिला मी खूप आधी सांगितलाय, तिला तो गमतीचा वाटतो. रात्री अंथरुणात विचारायला लागली, "आई, मी गाणार तेव्हा तू पण त्या बाईंसारखा आवाज बंद करशील? ते लोक काय बोलतील ते ऐकू नकोस हां."

"नाही ऐकणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस," म्हटलं मी, आणि ती लगेच झोपली. बाई, मी तिला खोटं सांगितलं. मी सगळं ऐकणार आहे.