पांढरं तरंगतं

ती. स्व. आत्यास,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरं लिही, "बराय" लिहू नकोस.)

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की काय तरंगतं नि काय बुडतं याचा नियम माझ्या तिसरीच्या वर्गाने स्वतः शोधला. शोधला हे खरं. तो चुकीचा होता, हे लिहायचं राहिलं.

आमच्या शाळेत आता ज्ञानरचनावाद आहे. म्हणजे मूल आपलं ज्ञान आपणच रचतं. बाईंनी साहित्य मांडायचं, प्रश्न विचारायचे आणि उत्तर ओठांवर आलं तरी गिळायचं. (तू मला घरी शिकवायचीस तेव्हा उत्तर आधी आणि प्रश्न मागून यायचा.) मी पाण्याच्या बादलीशेजारी थर्माकोल, मेणबत्ती नि टेबल टेनिसचा चेंडू ठेवला, शिवाय खिळा, गंजून काळी पडलेली किल्ली आणि काळा दगड. रंगांकडे माझं लक्षच नव्हतं. अर्ध्या तासात वर्गाने एकमताने ठरवलं, पांढरं तरंगतं, काळं बुडतं. मी घामाघूम. मागे बसलेल्या निरीक्षकबाई मात्र भारावून म्हणाल्या, "मध्ये पडू नका हं. हीच रचना." मी पडले नाही. नियम म्हणजे नियम.

मग पहिल्या बाकावरच्या मुलीने पडताळा म्हणून निरीक्षकबाईंबरोबर आलेल्या मुख्याध्यापकांचा टेबलावरचा पांढरा मोबाईल बादलीत सोडला. तो थेट तळाला. मला वाटलं, चला, सुटले. तर ती वाकून बघत शांतपणे म्हणाली, "बाई, हा आतून काळा असणार." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मुख्याध्यापकांनी जे रचलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

अहवालात "आदर्श पाठ" असा शेरा आलाय. शुक्रवारी, एकवीस तारखेला, साठ शिक्षकांपुढे तोच पाठ जसाच्या तसा करून दाखवला की माझी नोकरी कायम. पण परवा एक आई सांगत होती, पोहता येत नसताना लेक पांढरा फ्रॉक घालून तळ्याकडे निघाली होती. दारातच धरली म्हणून बरं. मी वर्गाला सरळ सांगून टाकणार आहे, नोकरी राहो न राहो.

तुझी भाची

ता. क. पत्राचं खरं कारण असं की, वस्तू नेमकी का तरंगते? तू घोकून घेतलेली व्याख्या अजून धडाधड म्हणते, पण ती मला कधी कळलीच नव्हती. लोखंडाचं जहाज कसं तरंगतं तेही लिही. उलट प्रश्न विचारू नकोस, उत्तर पाठव.

आणखी एक ता. क. उत्तर वेळेत नाही आलं, तर "पांढरं बुडतंसुद्धा" एवढं तरी सांगतेच. बुधवारी, एकोणीस तारखेला, पहिल्या तासाला.