मारेनसाठी नळी

शोटो, ४ सप्टेंबर १९८६

ती. बाबांस,
मारेनचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून रडता येत नाही, म्हणून पत्र. अस्वल पुन्हा आलं होतं. या वेळी कुंपणापाशी थांबलं नाही. मेंढ्यांच्या गोठ्याची मागची फळी उचकटून दोन मेंढ्या ओढून नेल्या. टिली कुत्री असून वाघिणीसारखी अंगावर गेली, तर तिला असं भिरकावलं की बिचारी अजून लंगडते आहे. सकाळी पायरीवर ओला पंजा उमटलेला होता. मी माझी दोन्ही पावलं त्यात ठेवली, तरी जागा उरली.

वनखात्याचा माणूस येऊन गेला. पिंजरा लावतो म्हणाला, आणि जीवावर बेतल्याशिवाय गोळी घालाल तर तुम्हीच आत जाल, असा दमही देऊन गेला. जीवावर बेतलं की नाही हे अस्वलाला विचारून ठरवायचं का, असं एमेटने त्याला विचारलंच.

एमेटची रायफल मला जमत नाही. ती उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेली. माझ्या डाव्या खांद्याला लावली की गोळी भरायचा दांडा पलीकडे जातो. आजोबांच्या एकबारी रायफलचा नुसता सांगाडा माझ्याकडे पडून आहे, नळीवाचून. त्याचा दांडा खाली मधोमध, डावंउजवं काही नाही. एमेटशी माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, याला नळी बसवून देईन. आता द्या. आखूड हवी, दारातून वळवता आली पाहिजे. एमेट चिडवतो, म्हणतो की एकच गोळी, समोर तसलं धूड, दुसरी भरेपर्यंत ते तुला मीठमिरी लावून खाईल. मी हसते, पण कोंबड्यांना दाणा टाकायलाही एकटी जात नाही.

पाठीवरचा हात काढू नका.
तुमची,
मारेन


लुईसटाउन, ९ सप्टेंबर १९८६

चि. मारेन हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कॉफी तशीच गार झाली. आधी रागावून घेतो. पायरीवर पंजे दिसेपर्यंत बाप आठवला नाही? विजेच्या तारेचं कुंपण उद्याच्या उद्या घाला. मेलेल्या मेंढ्या घरापासून लांब पुरा. रायफल हा शेवटचा इलाज, आणि एकबारी तर शेवटातला शेवट.

पण रायफल तुला देईन. माझ्याकडे दोन नळ्या आहेत. एक लांब, बारीक, दिसायला अशी की गिऱ्हाईक तिच्यावरच भाळतं. दुसरी जाड, अष्टकोनी, आखूड, एखाद्या पहारीसारखी. बारीक नळी हाताला हलकी लागते, म्हणून लोक ती घेतात, आणि मग तीच खांद्याला लाथ घालते. जाड नळी आपल्या वजनानेच हात धरून ठेवते. तुझ्यासाठी जाडच, आणि तिच्यात मोठी, सावकाश जाणारी जुन्या पद्धतीची गोळी. काडतूस सौम्य हवं. आजोबांच्या रायफलचा सांगाडा त्यांच्या तरुणपणचा आहे. त्या काळचं लोखंड आजच्या जहाल काडतुसांपुढे टिकायचं नाही. माझ्या दुकानात एका माणसाने हट्टाने असलंच काहीतरी उडवलं होतं. त्याचा डोळा मी रुमालात धरून दवाखान्यात नेला, एवढंच लिहितो.

सांगाडा पार्सलने पाठव. नळीचे आटे मी स्वतः पाडीन. हात थोडे कापतात हल्ली, पण यंत्रावर ठेवले की गप्प बसतात.

एमेटला सांग, मीठमिरी स्वतःला लावून घे, अस्वलाला तुझ्यातच जास्त मांस मिळेल.

पत्र टाकायला विसरत जाऊ नकोस.
तुझे,
बाबा


शोटो, १६ सप्टेंबर १९८६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रागावू नका. रायफल तयार झाली.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी अस्वलाने आमच्या देखत, भर उन्हात, एक कोकरू उचललं. तारेचं कुंपण अर्धंच झालं होतं. एमेट तसाच ग्रेट फॉल्सच्या बंदुकांच्या बाजारात गेला आणि एक नळी घेऊन आला. लांब, बारीक, निळसर चकाकणारी. तिला लागणारी काडतुसं माझ्या बोटाएवढी आहेत. आफ्रिकेत यांनी हत्ती पाडतात म्हणे. गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा वर्न आहे, त्याने आटे पाडून ती आजोबांच्या रायफलच्या सांगाड्यावर बसवून दिली.

मी तुमचं पत्र एमेटला वाचून दाखवलं. तो म्हणाला की बाबांना दुकानात सगळं आयुष्य काढून सगळ्याचीच भीती बसली आहे, आणि सौम्य गोळीने अस्वलाला फक्त राग येईल. खरं सांगू, रायफल स्वयंपाकघराच्या दारामागे भरून उभी केल्यापासून मला जरा झोप लागते. रविवारी एमेट ती उडवून बघणार आहे.

माया पातळ करू नका.
मारेन


लुईसटाउन, १९ सप्टेंबर १९८६

मारेन,

आशीर्वाद मागाहून. ती रायफल कोणीही खांद्याला लावायची नाही. तू नाही, एमेट नाही. अस्वल दारात आलं तरी नाही. अस्वल कदाचित परत जाईल. ती नळी कोणाला तरी घेतल्याशिवाय जाणार नाही.

शेजारच्या ओडेगार्डबाई सकाळपासून तुमचा फोन लावताहेत. वाऱ्याने तिकडच्या तारा पडल्या आहेत असं त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं. इथल्या शेरीफच्या पोलीस कचेरीत जाऊन तिकडे वायरलेसने पाठवायला निरोप दिला आहे. तिथला माणूस हो म्हणाला, पण कसा म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ओडेगार्डबाईंचा चेहरा मात्र बरा वाटला नाही.

उडवून बघायचीच असेल तर जुन्या टायरला बांधा, लांब दोरी लावा आणि ट्रकच्या आडून ओढा. एकदा नाही, पुन्हापुन्हा. हे पत्र सोमवारी पोचेल. रविवार त्याच्या आधी येतो, हे मला कळतं आहे. तरी लिहितो आहे, कारण हात रिकामे ठेवले तर जास्त कापतात.

बाबा


शोटो, २४ सप्टेंबर १९८६

ती. बाबांस,
मारेन आणि एमेट यांचा सा. न. वि. वि.

दोघंही धड आहोत. हे आधी.

शनिवारी दुपारी एमेट लांबच्या कुरणात होता. वारा असा सुटला होता की मला काही ऐकू आलं नाही. मी मागचं दार उघडलं तर अस्वल अंगणात, आमच्या धुण्याच्या टबापाशी. मी रायफल घेतली. तुमचं सगळं आठवत होतं, तरी घेतली. बाबा, भीतीत माणूस हाताला येईल ते धरतो. पण ती लांब नळी दाराच्या चौकटीत अडकली. सोडवली, खांद्याला लावली, तर टोक जागेवर राहीना. कधी अस्वलावर, कधी गोठ्यावर, कधी आभाळावर. ते दोन पायांवर उभं राहिलं आणि मी रायफल टाकून दार लावलं. मैद्याच्या पिंपाला पाठ लावून बसले. ते दाराला नाक लावून फुरफुरत होतं. फळीतून त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मग गेलं. मी तिथून उठले नाही, एमेटने येऊन उठवलं.

संध्याकाळी शेरीफचा माणूस तुमचा निरोप घेऊन आला. टायर आणि दोरीसुद्धा त्याने सांगितली. एमेट कुरकुरला, पण रविवारी तसंच केलं. पहिला बार नीट गेला. बघ, उगाच घाबरवतात, असं म्हणत तो हसत रायफल टायरवरून सोडून खांद्याला लावायला निघाला. मी त्याचा पट्टा मागून दोन्ही हातांनी धरला. चिडला, मला नाही नाही ते बोलला. मी म्हटलं, हवं ते बोल, पण अजून एक दोरीने. केवळ मला गप्प करायला त्याने दोरी ओढली.

सांगाडा फुटला. त्यातला एक तुकडा कुंपणाच्या खांबात शिरला, एमेटच्या गालाच्या उंचीवर. त्याने तो पकडीने काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. तेव्हापासून तो जेवताना मधेच माझा चेहरा बघत बसतो.

सोमवारी वनखात्याच्या पिंजऱ्यात अस्वल सापडलं. लांब डोंगरात नेऊन सोडणार आहेत. आजोबांच्या रायफलचा सांगाडा मात्र गेला, त्याचं वाईट वाटतं.

असाच धाक असू द्या.
मारेन


लुईसटाउन, २७ सप्टेंबर १९८६

चि. मारेन आणि चि. एमेट यांस,
अनेक आशीर्वाद.

सांगाड्याचं दुःख करू नका. माझ्या स्वतःच्या एकबारी रायफलचा सांगाडा नव्या पोलादाचा आहे. तो काढून ठेवला आहे. हे अस्वल गेलं तरी तो डोंगर तुमच्या दारातच आहे. बर्फ पडायच्या आत दोघं या. नळी या वेळी पत्रातून ठरवायची नाही. मारेनने डाव्या खांद्याला लावून, माझ्या दारात उभं राहून, वळून बघायचं. एमेट, तूही ये. तुला बोलणार नाही. ऐकू येत नसल्यामुळे मला हल्ली भांडणही एका बाजूनेच करावं लागतं, त्यात मजा नाही.

आता आजचं सांगतो. रोज टपालकचेरी उघडायच्या आधी जाऊन उभा राहत होतो. आज काउंटरवरच्या हेझेलबाईंनी पाकीट पुढे केलं. अक्षर तुझं होतं, डावीकडे कललेलं. म्हणजे तू होतीस. पण एमेटचं काय, तुझ्या डोळ्यांचं काय, ते पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. मला ते फोडवेना. मी तसंच हेझेलबाईंना परत दिलं आणि खुणेने म्हटलं, तुम्ही वाचा.

पहिल्याच ओळीला त्या हसल्या असाव्यात, पण मी नेमकी मान खाली घातली होती. वर बघितलं तर त्यांचा हात तोंडावर गेलेला. मी काउंटर घट्ट धरला. त्या वाचतच राहिल्या, पान उलटलं, डोळे पुसले. मारेन, तेवढ्या वेळात मी तुम्हा दोघांनाही गमावलं. मग त्यांनी मान वर केली, माझा चेहरा बघितला आणि घाबरून काउंटरला वळसा घालून धावत आल्या. कागद माझ्या नाकापुढे धरून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मी तीनतीनदा वाचून होईपर्यंत ते तिथून उचललं नाही.

लवकर या.
तुमचे,
बाबा