चष्मा काढण्याआधी

४ जून

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण गुडघ्याने मला खुर्चीत आणि डॉक्टरने कोंडीत पकडलं होतं. अखेर ठरलं. पुढच्या महिन्याच्या शेवटी ऑपरेशन. घरी आल्यावर आठवडाभर रात्री कुणीतरी सोबत हवं, असं डॉक्टर म्हणतो. तुझी वहिनी असती तर प्रश्नच नव्हता. ती गेल्यापासून या घरात रात्री बोलायला रेडिओशिवाय कुणी नाही.

म्हणून सरळ विचारतो, तू येशील का? इतकी वर्षं तू येतेस, जेवतेस, माझ्या सोफ्याच्या शिवणीला नावं ठेवतेस आणि शेवटच्या बसला पळतेस. अंथरूण घातलेलं असलं तरी पळतेस. वहिनी म्हणायची, बारकीचं आपल्याशी काहीतरी बिनसलंय. मी तिला उडवून लावायचो, पण माझ्याही मनात ते सलत राहिलंय. माझं काही चुकलं असेल तर आता तरी सांगून टाक. पगारी बाई मिळेल गं, मला बहीण हवी आहे.

छापखान्यातली मुद्रितशोधनाची नोकरी सुटली तरी खोड सुटलेली नाही. तुझ्या मागच्या पत्रावर लाल पेन फिरवून ठेवलंय, आलीस की दाखवतो.

माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

१३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं काहीही चुकलेलं नाही, हे आधी लिहिते. मला यायचं आहे. पण तुझ्या घरातली रात्र डोळ्यासमोर आणली की माझा हात पिशवीकडे जातो. का, ते मला माहीत नाही. ठाऊक असतं तर बसचं निमित्त कशाला केलं असतं?

आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. गेल्या वर्षापासून मी एका समुपदेशक बाईंकडे जाते आहे. आई गेली, तू वसतिगृहात होतास आणि घरात अप्पा आणि मी एवढेच उरलो, त्या वर्षांबद्दल बोलायला. बाई चांगल्या आहेत. घाई करत नाहीत, शहाणपण शिकवत नाहीत. दार किती उघडं ठेवायचं हेही मलाच विचारतात.

गेल्या गुरुवारी मी पहिल्यांदाच अडगळीच्या खोलीबद्दल बोलायला लागले. चांगलं चाललं होतं. आणि एकदम हात गार पडले, श्वास पुरेना. मी उठले आणि त्यांना नको नको ते बोलले. तुमच्या खुर्चीची स्प्रिंग तुटली आहे, असल्या खुर्चीत माणसांना बसवता तरी कसं, असं म्हणाले आणि निघून आले. रस्त्यावर आले तर रोजचा बसथांबा ओळखू येईना. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, दुसऱ्यांच्या सोफ्यांना कापड चढवून पोट भरते, आणि भर दुपारी रस्ता विसरते.

आता तिथे पाऊल टाकणार नाही. त्यांच्या खोलीत तासभर धड बसता येत नाही, तर तुझ्या घरी रात्री कशी काढू? रागावू नकोस. रागावलास तर निदान तसं कळव, आणि लोभ ठेव.

तुझी,
बारकी

२० जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. चक्रावलो. अप्पा तापट होते हे मलाही माहीत आहे, दोन रट्टे मलाही बसले होते. तेव्हा घरोघरी तेच चालायचं. ते आता उकरून काय मिळणार, असं मला वाटतं. पण अडगळीच्या खोलीचं काय, ते मला कळलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.

बाकी, भांडायला तू खुर्चीच निवडलीस हे तुला शोभलं. दुसरी कुणी पंख्यावर घसरली असती. आता त्या बिचारीची खुर्ची खरंच मोडकी असेल तर हत्यारं घेऊन जा आणि दुरुस्त करून ये. मोडकी म्हणालीस म्हणजे दुरुस्तीचा शब्द दिल्यासारखंच आहे ते. मग नाही गेलीस तरी चालेल.

माझ्या ऑपरेशनचं ओझं घेऊ नकोस. घेतलंस तर मात्र मला बरं वाटेल. असा मी स्वार्थी आहे, तरी मला सांभाळून घे.

दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू थट्टेत लिहिलंस आणि मी खरंच पिशवीत हातोडी, पकड आणि सुतळी घालून बाईंकडे गेले. बोलायला आलेली नाही, दुरुस्तीला आले आहे, असं दारातच बजावलं. त्या म्हणाल्या, या. मी खुर्ची उलटी केली, खालचं कापड सोडवलं. दादा, एकही स्प्रिंग तुटलेली नव्हती. पट्ट्या घट्ट, गाठी जागच्या जागी. ज्याने केलं त्याने मन लावून काम केलं होतं. मी कशावर चिडले होते, तेच मला कळेना. तिथेच जमिनीवर बसून रडले.

बाईही खाली बसल्या. खोलीबद्दल विचारलं म्हणून त्रास झाला असेल असा त्यांचा अंदाज होता. पण खोलीबद्दल बोलताना मी ठीक होते. मग आम्ही मागे मागे गेलो. उठण्याआधी काय झालं, त्याच्या आधी काय. त्या म्हणाल्या, मी काहीच करत नव्हते, तुम्ही मोलाचं काही सांगत होतात म्हणून चष्मा काढून ऐकत होते. आणि दाखवायला हात चष्म्याकडे नेला. तेवढ्यानेच माझे दोन्ही हात मांड्यांखाली गेले.

तू विचारलंस म्हणून लिहिते. अप्पा मारण्याआधी चष्मा काढायचे. घाई नसायची. पुसायचे, चष्म्याच्या घरात ठेवायचे, ते घर टक्कन मिटायचं आणि मग पट्टा. नंतर अडगळीच्या खोलीत सकाळपर्यंत. पट्टा चालू असताना मी हात मांड्यांखाली दाबून बसायचे, कारण हात मध्ये आले की जास्त मार बसायचा. ते दोन रट्टे नव्हते, दादा. घरोघरी तसं चालत असेल तर ती सगळी घरं वाईट होती.

याला ट्रिगर म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. मनाला आठवत नसलं तरी शरीर खूण ओळखतं आणि वर्ष कुठलं ते न बघता घाबरतं. मग आपण हाताशी येईल त्या गोष्टीवर खापर फोडतो. त्यांनी माझी माफी मागितली. यापुढे चष्मा डोळ्यांवरच ठेवेन म्हणाल्या.

घरी येताना बसमध्ये तुझी आठवण झाली. अप्पांचंच कपाळ, अप्पांचाच आवाज. जेवण झालं की तू चष्मा काढून डोळे चोळतोस. मी नेमकी तेव्हाच पिशवी उचलते. इतकी वर्षं तुला वाटत राहिलं की तुझं काही चुकलं, आणि माझा तर तुझ्यावर फार जीव आहे.

तुझी,
बारकी

९ जुलै

चि. बारके,

पत्र एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचवलं नाही. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं, आणि ते रट्ट्यांचं वाक्य मी हसत लिहिलं. ते खोडून टाक. अप्पांनी जे केलं ते क्रूर होतं. हे घरातल्या कुणीतरी तुला म्हणायला हवं होतं, म्हणून लिहितो.

मी ढसाढसा रडलो. मग आरशात बघितलं आणि वाटलं, हे कपाळ कुठे नेऊ? शेवटी व्यवहाराचं सुचलं. रात्रीसाठी पगारी बाई ठरवतो. तू येऊ नकोस. न येण्याचं कारण कळलं, मला तेवढं पुरे. आणि कधी आलीसच तर मी चष्मा घालूनच झोपेन, स्वप्नं तरी स्पष्ट दिसतील.

तुझा, आणि फक्त तुझा,
दादा

१६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पगारी बाईला नाही म्हणून सांग. मी येते आहे.

चष्मा घालून झोपू नकोस, नाक दुखेल. चष्म्याची माणसं टाळत बसले तर मला सोफ्यांच्या संगतीतच जन्म काढावा लागेल. परवा मीच बाईंना म्हणाले, आता काढा. त्यांनी आधी सांगितलं, मी हो म्हटलं, मग काढला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. दार उघडं होतं, हातातल्या चष्म्याची चौकट लाल होती, समोर बाई होत्या, अप्पा नव्हते. हात गार पडले आणि हळूहळू ऊबही आली.

तूही आधी सांगत जा. माझं अंथरूण दाराजवळ घाल. रात्री मी उठून बाहेर गेले तर मागे येऊ नकोस, मी परत येईन. नाही जमलं तर बस आहेच. पण मला बघायचं आहे.

तुझी,
बारकी

१२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. व्यायाम चुकवू नकोस, शेजारीणबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आहे. त्यांनीच मला सांगितलं की मी येण्याआधी रिकाम्या घरात तू रोज मोठ्याने म्हणायचास, बारके, चष्मा काढतोय हं. त्यांना वाटलं, भावजींचं डोकं फिरलं. मला हसू आलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

पहिल्या दोन रात्री मी अंगणात जाऊन बसले, हे तुला माहीत आहे. तू मागे आला नाहीस. तुझा दिवा तेवढा चालू होता.

सगळं मिटलं असं समजू नकोस. आज कापडाच्या दुकानात मालकाने चष्मा पुसायला काढला आणि मी कापड तसंच टाकून बाहेर आले. गुरुवारी बाईंकडे जायचं आहे.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्या सोफ्याची ती वेडीवाकडी शिवण उसवत बसले होते. तू खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होतास. बऱ्याच वेळाने तू घोरायला लागलास म्हणून मान वर केली, तर चष्मा मांडीवर होता. कधी काढलास ते तू सांगितलं नव्हतंस, आणि मलाही कळलं नव्हतं. माझे दोन्ही हात शिवणीत होते.

तुझी,
बारकी